झिबू, वर्ग तिसरा

९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

फोन केला नाही. फोनवर तू घाईत असतोस आणि मला मध्येच रडू येतं. मग तू नुसता "ताई, अगं ताई" करत राहतोस आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहिते.

परवा कारखान्यात उंदरांनी कागदाची चवड कुरतडली. कारखाना म्हणायची सवय झाली आहे, पण आहे ती मागच्या बाजूची पत्र्याची खोलीच. वड्या कापायला येते ती म्हणाली, "बाई, औषध आणा, नाहीतर साबण उघडाच विकावा लागेल." मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक लाल पाकीट काढून समोर ठेवलं. त्यावर चारी पाय वर केलेला उंदीर आणि त्याखाली पिवळ्या ठसठशीत अक्षरांत 'झिबू'.

मी विचारलं, "हे काय?"

"जालीम आहे. खाल्लं की बाहेर जाऊन मरतो, घरात वास नाही." मग हसून म्हणाला, "तुमचंच ना? साबणावरही हेच नाव. मला वाटलं, धंदा वाढवलात."

मी पैसे दिले आणि पाकीट घेऊन घरी आले. ते माझ्या कपाटात साडीखाली आहे. ह्यांना दाखवलेलं नाही.

तुला काय सांगायचं? तू तिचा मामा. एकही शब्द धड बोलता येत नव्हता तेव्हा स्वतःच्या छातीवर हात आपटून ती 'झिबू' म्हणाली, ते सगळ्यांत आधी तूच ऐकलंस आणि ओरडत स्वयंपाकघरात आलास. शाळेतलं नाव शाळेपुरतंच राहिलं. तिची कातडी फाटायची, कुठलाच साबण चालायचा नाही, म्हणून मी तेल आणि सोडा घेऊन बसले. ती गेली तेव्हा सहा वर्षांची होती. साबण राहिला. दोन वर्षांनी तो विकायला लागले तेव्हा नाव शोधावं लागलं नाही, आणि नोंदणी तूच करून दिलीस.

तू एकोणीस वर्षं लोकांचे ट्रेडमार्कचे अर्ज भरून देणाऱ्या ऑफिसात आहेस. हे थांबव. कसं ते मला कळत नाही, तुला कळतं.

तुझी
ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून वाचलं. वाईट वाटलं गं. डबा तसाच परत नेला, म्हणून बायको अजून रुसलेली आहे.

आता कायदा सांगतो, रागावू नकोस. जगातल्या सगळ्या मालाचे आणि सेवांचे मिळून पंचेचाळीस वर्ग केलेले आहेत. शाळेसारखं समज. एका वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली की मास्तरांचा गोंधळ होतो. पण दुसऱ्या वर्गात त्याच नावाचं मूल असलं तर कुणाचं काय जातं? साबण तिसऱ्या वर्गात बसतो, उंदराचं औषध पाचव्यात. त्याच पाचव्यात माणसांची औषधंही आहेत, कायद्याला त्यात काही वावगं वाटत नाही. कायदा एकच गोष्ट विचारतो, गिऱ्हाईक फसेल का? साबण घ्यायला आलेली बाई चुकून विष घेऊन जाईल का? नाही जाणार. मग दोन्ही नावं सुखाने नांदू शकतात.

दोन अक्षरांचा शब्द आहे ताई, कुणालाही सुचू शकतो. योगायोग म्हणायचा आणि सोडून द्यायचं. साहेबांना सहज विचारलं, तेही हेच म्हणाले.

पाकीट फेकून दे. भावजींना दाखवू नकोस, त्यांचं ब्लडप्रेशर माहीत आहे ना?

तुझा
धाकटा

३ मार्च

प्रिय धाकट्या,

दोन अक्षरं म्हणालास. हो, दोनच आहेत.

मी गप्प बसणार होते. पण मग डोळ्यांना सवयच लागली. दुकानात शिरलं की आधी फळ्यांवरून नजर फिरते. संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली सापडली. मग कुत्र्यांचे पट्टे. छपराला लावायचं डांबर. पाणी चढवायची मोटर, हिरव्या रंगाची, तिच्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली आणि पट्टीवर ती.

हार्डवेअरवाल्याकडे फरशी चिकटवायचा गम होता. मी डबा हातात घेऊन उभी होते, तर तो म्हणाला, "घ्या ताई, डोळे मिटून घ्या. झिबूची पकड एकदा बसली की सुटत नाही."

मी बाहेर येऊन त्याच्या पायरीवर बसले. त्याने पाणी आणून दिलं, ऊन लागलं असेल म्हणाला. इंजेक्शन देताना माझा अंगठा धरून ठेवायची ती, आठवतं तुला? नर्स म्हणायची, आई, तुम्ही सोडवा, आमच्याने सुटत नाही.

एकाला सुचलं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. सहा अनोळखी माणसांना, सहा वेगवेगळ्या धंद्यांत? मी शब्दकोश पाहिला. त्यात तो नाही. असणार कुठून, तिने तो स्वतः केला होता.

तुमच्याकडे सगळी रजिस्टरं असतात. एकूण किती आहेत ते बघ आणि कुणाला कसं सुचलं ते शोध. एवढं कर.

तुझी
ताई

१ एप्रिल

ताई,

उशीर झाला, माफ कर. वर्ष संपताना ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते.

बघितलं. नऊ आहेत, तुझ्यासकट दहा. सगळे मालक वेगळे, गावं वेगळी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. सगळं नियमात आहे, कुणी हरकतही घेतलेली नाही. कुणाला कसं सुचलं याची नोंद कुठे नसते गं. कुणाच्या स्वप्नात येतं, कुणाचा ज्योतिषी सांगतो.

माझं ऐकशील? तूच नाव बदल. तुझी गिऱ्हाइकं साबणासाठी येतात, नावासाठी नाही. मी छानसं नाव काढून देतो. आणि नोंदणी कार्यालयात जायचं काही मनात आणू नकोस. तिथे रांगा, दलाल, एका कागदासाठी तीन खिडक्या. तुझे गुडघे आधीच दुखतात. काही लागलं तर मी आहे.

भावजींना नमस्कार.

धाकटा

२२ एप्रिल

धाकट्या,

रांग नव्हती. खिडकी एकच होती आणि तिच्यामागे माझ्याच वयाची एक बाई स्वेटर विणत होती. मी विचारलं, "मला हे कागद बघायला मिळतील का?" ती म्हणाली, "कुणालाही मिळतात, पण बघायला कुणी येत नाही." तिने पंखा माझ्याकडे वळवला आणि गठ्ठे काढून दिले.

नऊ अर्ज, नऊ मालक. तू म्हणालास तसेच, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. फक्त प्रत्येक कागदावर 'अर्जदाराचे प्रतिनिधी' म्हणून एकच शिक्का होता. तुझ्या ऑफिसचा.

आणि आतलं अक्षर तुझं. तू 'अ'चा काना शेवटी आत वळवतोस. पाटीवर तुझा हात धरून मीच गिरवून घेतला होता तो, आणि त्या वळणासाठी तुला एक टपलीही मारली होती. ते वळण मी कुठेही ओळखीन. अर्जात एक रकाना आहे, 'शब्दाचा अर्थ किंवा उगम'. नऊही ठिकाणी तू त्यात लिहिलं आहेस, 'अर्थ नाही'.

पहिल्या अर्जावरची तारीख पाहिली. फरशीचा गम. ती गेल्यानंतरचा पाचवा आठवडा. मी तेव्हा अजून तिचे कपडे धुऊन घड्या घालत होते. ते मळलेले नव्हते तरी.

त्या बाईने विचारलं, "अजून एक आहे, साबणाचा. तो बघायचा का?" मी म्हटलं, तो माझाच. तरी तिने दिला. त्यातही तोच रकाना, तेच अक्षर, तेच दोन शब्द. आणि खाली, वरील मजकूर वाचला असून तो खरा आहे, याच्यापुढे माझी सही.

तू म्हणाला होतास, ताई, इथे इथे सह्या कर, बाकी मी भरतो. मी केल्या. तुझ्या हातचा कागद वाचून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

काय ते सांग. विनोद न करता.

ताई

३० मे

ताई,

पाच वेळा लिहून फाडलं.

आमच्याकडे माणसं माल घेऊन येतात, नाव नसतं. असलं तर चालत नाही. 'मजबूत' म्हटलं की कार्यालय म्हणतं, हे वर्णन आहे. देवाचं म्हटलं की चारशे आधीच बसलेले. सगळ्यांत चांगलं नाव म्हणजे ज्याला काही अर्थ नाही ते. त्या दिवशी गमवाला माझ्यासमोर बसला होता. त्याची सहा नावं परत आली होती. साहेब केबिनमधून ओरडत होते, त्याला काहीतरी द्या आणि घालवा. मी हॉस्पिटलच्या दिवसांनंतर नुकताच कामावर आलो होतो. माझ्या तोंडात तेव्हा दुसरा शब्दच नव्हता गं. मी तो बोलून गेलो.

तो अर्ज एकही हरकत न येता पास झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "इतकं कोरं नाव आणलंस कुठून?" पुढे मोटरवाला आला, डांबरवाला आला. धंदे वेगळे, वर्ग वेगळे, कुठे अडत नाही. मी स्वतःला सांगायचो, सहा वर्षांत तिने एक गाव पाहिलं आणि एक हॉस्पिटल, आता तरी सगळीकडे जाऊ दे. हे खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. ऑफिसात मला 'नाववाले' म्हणायला लागले. काचेच्या दाराची केबिन मिळाली.

विषवाल्याच्या वेळी माझ्या यादीत अजून दोन नावं होती. साहेबांनी विचारलं, यातलं हमखास कुठलं? मी सांगितलं.

रकान्याचंही सांगतो, कधीतरी तुला कळेलच. गेलेल्या माणसाचं नाव असेल आणि त्याला वीस वर्षं झाली नसतील, तर घरच्यांची लेखी संमती मागतात. खरं लिहिलं असतं तर मला कागद घेऊन तुझ्या दारात यावं लागलं असतं. नऊ वेळा. आणि तुझ्या साबणाच्या अर्जात खरं लिहिलं असतं, तर आधीचे तीन उघडे पडले असते.

तू मला काहीही म्हण.

धाकटा

८ जून

धाकट्या,

काही म्हणत नाही.

खिडकीवरच्या बाईने सांगितलं की अर्जात खोटं लिहिलं असेल तर नोंदणी रद्द करता येते, पण सांगणारा हवा. एका कागदावर लिहून सही कर. झिबू हे माझ्या भाचीचं नाव. ती अमुक दिवशी गेली. मला माहीत होतं. मी तिच्या आईला विचारलं नाही. चार वाक्यं आहेत, तुझं अर्धं पानही भरणार नाही.

मला सगळी नकोत. गम राहू दे, मोटर राहू दे. कुत्र्याचे पट्टेही राहू देत, तिला कुत्री आवडायची. विष आणि ॲसिड तेवढं उतरव.

ताई

२ जुलै

ताई,

सोबत कागद पाठवतो आहे. रीतसर टाइप करून, मुद्रांकावर. तुझ्या मनासारखंच आहे, झिबू माझी भाची होती, केव्हा गेली, सगळं लिहिलं आहे. फक्त शेवटी एक ओळ घातली आहे, की हे नाव 'मुलीच्या आईच्या तोंडी संमतीने' सुचवण्यात आलं.

रागावण्याआधी ऐक. ही ओळ नसेल तर मी खोट्या कागदपत्रात अडकतो. नोकरी जाईल, वर परवानाही जाईल. माझी दोन मुलं शाळेत आहेत, तुझीच भाचरं ती. आणि तूही सुटणार नाहीस. विषवाल्यांचा वकील पहिला प्रश्न विचारेल, बाईंनी स्वतः सही करून सांगितलंय की शब्दाला अर्थ नाही, मग आज कुठून आला? तुझा साबणही जाईल. या ओळीने आपण सगळेच वाचतो. मग मी साहेबांच्या कानावर घालून विषवाल्यांना समजावून बघतो, नाव बदला म्हणून. शब्द देत नाही, पण बघतो.

माझी सही मी केली आहे, पेन्सिलने फुली केली आहे तिथे तू कर. बाकीचं वाचत बसू नकोस, कायद्याची भाषा आहे, डोकं दुखेल. झालं गेलं ते आपल्या घरात राहू दे ना, ताई. एवढं माझ्यासाठी कर. पुन्हा काही मागणार नाही.

तुझाच
धाकटा

१९ जुलै

धाकट्या,

तीनदा वाचला. डोकं दुखलं नाही.

मग तो कागद आणि ते पाकीट, दोन्ही ह्यांच्यासमोर ठेवलं. ह्यांनी कागद वाचला, पण पाकिटाला हात लावला नाही. म्हणाले, "हे मला चार वर्षांपासून माहीत आहे." त्यांच्या ऑफिसच्या कोठीत या विषाचं खोकं आलं होतं. तेव्हापासून ते बाजाराची पिशवी माझ्या हातात देत नव्हते, मला वाटायचं माझ्या गुडघ्यांसाठी. एका घरात आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो, आणि तुझ्याकडे केबिनला काचेचं दार होतं.

तू लिहिलंस, नाहीतर तुझा साबण जाईल. म्हणून तो मीच आधी सोडला. गेल्या सोमवारी जाऊन माझी नोंदणी परत केली आणि त्या रकान्यावरची माझी सही खोटी होती, असं लिहून दिलं. त्याची काय शिक्षा असेल ती असो. वड्या कापणारीला सांगितलं, उद्यापासून कोरा कागद. ती म्हणाली, "बाई, मग लोक काय म्हणून मागतील?" मी म्हटलं, साबण म्हणून. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी जुन्या छापील कागदांचा गठ्ठा पदराखाली घालून घरी घेऊन गेली. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

त्याच दिवशी विष आणि ॲसिडाविरुद्ध अर्ज केला. खिडकीवरच्या बाईने विचारलं, पुरावा काय? मी तुझा मुद्रांकाचा कागद जोडला. माझी सही नाही त्याच्यावर, तुझी आहे. झिबू तुझी भाची होती, केव्हा गेली, सगळं तूच लिहिलं आहेस. शेवटच्या ओळीखाली मी माझ्या हाताने लिहिलं, की मला कुणी विचारलं नव्हतं. पेन्सिलची फुली पुसली नाही.

तुझी नोकरी जाईल हे मला कळतं. मुलांची नावं तू मध्ये आणलीस. ती माझीही आहेत. त्यांना माझ्याकडे पाठवायचं असेल तर पाठव, त्यांचं मी करीन. तुझ्यासाठी मात्र काही करवत नाही. मनात शोधलं, खूप शोधलं. सापडलं नाही.

साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलं आहे. सुनावणी पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला, सकाळी अकरा वाजता, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद असते. नोटीस तुला ऑफिसच्या पत्त्यावर येईल. मी घरचा द्यायला निघाले होते, पण त्या जुन्या अर्जांवर ऑफिसचाच छापलेला होता.

तुला विचारतील, झिबू कोण. मी समोरच्या बाकावर असेन. माझ्याकडे बघून बोलवणार नसेल तर बघू नकोस. पण मोठ्याने सांग. तिथली बाई लिहून घेते, आणि तिला एका कानाने कमी ऐकू येतं.

ताई